चाक उभं, पाय फिरते

या, असे दारात नका बसू, वारा येतो. मेजाच्या पांघरुणाखाली पाय घ्या, खाली शेगडी लावलेली आहे. चहा ओतते आणि एक गोष्ट सांगते. गोष्ट एका मीटरची आहे, सायकलच्या हँडलवर बसतो त्या काडेपेटीएवढ्या मीटरची. पण ऐकता ऐकता तुम्हाला देवळात नेऊन बसवीन, हा माझा शब्द.

आमचं दुकान सायकलींचं, इथेच फुकुमित्सु गावात. माझे यजमान शिगेमित्सु ताकेबे हातानं चोख आणि मनानं संशयी. पंक्चर काढायला ट्यूब आली तर आधी गिऱ्हाइकाकडे बघायचे आणि विचारायचे, "खिळाच होता ना, की कुणी टोचलं?" मुलं झाल्यापासून आम्ही एकमेकांना आई आणि बाबा अशीच हाक मारत आलो. मुलं ओसाकाला गेली, हाका इथे राहिल्या.

आमच्या देवळाच्या महाराजांना आम्ही गोबोसामा म्हणतो. त्यांचं नाव एंजुन. दिसायला ठेंगणे, गोल पोटाचे, पण उंच आसनावर चढून प्रवचनाला बसले की माणूस पालटायचा. बोलता बोलता बोलण्याला चाल लागायची, चालीचं गाणं व्हायचं, गाणं चढत चढत माथ्यावर जाऊन थांबायचं, आणि ते थांबलं की सगळं देऊळ एका तोंडानं पुटपुटायचं, "नामांदाबु, नामांदाबु." अमिदा बुद्धाचं नाम. ते काही आम्ही ठरवून म्हणत नव्हतो. उन्हात घाम यावा तसं ते तोंडातून यायचं. आईच्या मांडीवर बसून प्रवचन ऐकल्यापासूनची जिभेची सवय ती.

एका वर्षी वसंतात गोबोसामांना न्यूमोनिया झाला. वाचले, पण छाती गेली. दोन वाक्यं बोलले की धाप. उन्हाळ्यात त्यांच्याऐवजी शहरातून एक प्राध्यापक आले, पडदा लावून चित्रं दाखवून गेले. चांगलं बोलले असतील. आम्ही गप्प बसलो, कारण नाम कुठे घ्यायचं तेच कुणाला कळेना.

मग शहरातल्या एका संग्रहालयानं विचारलं, ते काळ्या लाखेचं कोरीव आसन आम्हाला द्याल का. देवळाच्या पंचांपुढे गोबोसामा म्हणाले, "पंथाच्या मूळ गुरूंच्या पुण्यतिथीच्या उत्सवापर्यंत थांबा. उत्सवात मी आसनावर बसलो तर आसन इथेच राहील. नाही बसू शकलो तर घेऊन जाऊ द्या. रिकामं आसन रोज पुसायचं मला जमणार नाही." त्यांच्यामागे गाणारा शिष्य नाही. अख्ख्या खोऱ्यात तसं गाणारं दुसरं कुणी नाही. आसन गेलं म्हणजे आमचं गाणारं प्रवचन गेलं. पंचांमध्ये आमचे हे होते, आणि प्रवचन हा ह्यांचा जीव होता.

आता मीटर.

भाताची कापणी आटपत आली होती. मी दुकानाच्या मागच्या बाजूला पर्सिमनची फळं सोलत बसले होते, वाळवायला टांगायची होती. गोबोसामा आपली काळी सायकल ढकलत आले. तोंडावर मास्क.

"शिगेमित्सु-सान, मिनिटाला पाय किती फेरे मारतात ते दाखवणारं यंत्र असतं ना?"

"केडन्सचा मीटर? असतो. कुणाला, नातवाला हवाय?"

"मला."

ह्यांनी पाना खाली ठेवला. काही न बोलता दोन डबे काढून मांडले. संशय आला की हे आधी गप्प होतात, मग फार गोड बोलायला लागतात.

"हा घ्या, गोबोसामा. नवा आहे. थेट उपग्रहाशी बोलतो. नकाशा दाखवतो. कुठे गेलात, कुठल्या रस्त्यानं गेलात, किती वेळ थांबलात, सगळं साठवून ठेवतो. घरी मिसाओ-सानना मोबाइलवर बघता येईल." मिसाओ-सान म्हणजे गोबोसामांची बायको.

"कुठे गेलो ते साठवतो?"

"गल्ली न गल्ली."

"मग तो नको."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पर्सिमनकडे बघितलं.

"बरं, मग हा. पेडलच्या दांडीला ही गोटी बांधायची, चुंबकसुद्धा लागत नाही. ठरवलेल्या आकड्याच्या वर-खाली झालात की वाजतो."

"वाजतो?"

"बंद करता येतं."

"मी विसरीन. आवाज अजिबात नको." गोबोसामा जरा दम खात उभे राहिले. "अंक मोठे हवेत. चष्मा घामानं खाली येतो. नकाशा नको, आवाज नको. एक आकडा, बास."

हे वाकले आणि सगळ्यात खालच्या फळीवरून धुळीचा डबा काढला. "हा जुन्या पद्धतीचा. याला वायर आहे. चुंबक पेडलच्या दांडीला लावायचं आणि हा डोळा फ्रेमच्या नळीला. चुंबक डोळ्यासमोरून गेलं की एक फेरा. ह्याला काही आठवत नाही, बंद केला की कोरा. आजकाल कुणी घेत नाही."

गोबोसामांचा चेहरा मास्कच्या वरनं उजळला. मग त्यांनी विचारलेला प्रश्न ह्यांनी पुढे मला इतक्या वेळा ऐकवला, की मला पाठ झाला.

"पुढचं चाक उभं असेल, जागचं हलत नसेल, आणि पाय फिरत असतील, तरी आकडा येईल का?"

"चाक उभं?"

"हो."

"आणि पाय फिरते?"

"हो, असं समजा."

ह्यांनी समजून घेतलं. सायकल स्टँडवर चढवली, चुंबक बसवलं, डोळा त्याच्यापासून तांदळाच्या दाण्याइतक्या अंतरावर घट्ट केला, आणि हातानं पेडल फिरवलं. पुढचं चाक ढिम्म. काचेवर आकडा आला, चाळीस, पन्नास, साठ. "साठावर धरा," गोबोसामा म्हणाले. ह्यांनी धरला. गोबोसामा त्या आकड्याकडे एकटक बघत राहिले. मास्क हलत होता. आत ओठ हलत असणार.

"हाच द्या," ते म्हणाले. "आणि शिगेमित्सु-सान, उगाच कुणाला सांगू नका."

ते गेले. सायकल वळणाआड जाईपर्यंत हे दारात उभे होते.

"आई, बघितलंस?"

"मीटर घेतला. त्यात काय बघायचं?"

"चाक उभं आणि पाय फिरते, हे कुठे होतं? रोलरवर. मागचं चाक रोलरवर ठेवायचं आणि जागच्या जागी पेडल मारायचं. आणि रोलर कोण वापरतं? शर्यतवाले. प्रवचनाला ज्याची छाती पुरत नाही, तो माणूस शर्यतीचा सराव करतोय."

"त्या पोटानं?"

"पोट फसवं असतं." हे हळू आवाजात बोलायला लागले, म्हणजे ठार पटलं होतं. "जपमाळ हातात धरा पण मणी मोजू नका, हे कुणी शिकवलं आपल्याला? नाम मोजलं की ते तुमची कमाई होतं, बुद्धाची देणगी राहत नाही, असं आसनावरून कोण सांगायचं? आणि आता स्वतः पाय मोजतायत."

"पाय म्हणजे नाम नव्हे, बाबा."

"आज पाय, उद्या काय ते बघ."

मी हसण्यावारी नेलं. पण संशय म्हणजे मुळ्याच्या लोणच्याची बरणी. झाकण जरा सरकलं की घरभर वास. 

दोन-चार दिवसांनी तोमिए-सान आली. ती दारोदार तोफू विकते, आणि तोफूबरोबर काय काय विकते ते गावाला ठाऊक आहे.

"किनुए-सान, तुमचे गोबोसामा रोज दुपारी सायकल घेऊन पुलापलीकडे कुठे जातात?"

"घरोघरी पूजेला जात असतील."

"इवाओंच्या बंद पडलेल्या रेशीम कारखान्यात कुणाची पूजा? आत जातात आणि कडी लावतात. मी मुद्दाम नाही गेले हां, माझा रस्ताच तो. आतून घर्रर्र असा आवाज येतो. आणि..." तिनं तोफूची बादली खाली ठेवली. बादली खाली ठेवली की बातमी मोठी असते. "आत बाई असते."

हे आतल्या खोलीतून बाहेर आले. "बाई?"

"रडते. म्हातारी असावी आवाजावरनं. 'बाळा, इकडे ये, दिवा इकडे आहे,' असं काहीतरी म्हणते आणि हुंदके देते. माझ्या अंगावर काटा आला."

"टीव्ही असेल," मी म्हटलं.

"तिथली वीज तोडून किती वर्षं झाली, किनुए-सान."

ती गेल्यावर हे बराच वेळ एकच नट घट्ट करत बसले. त्या नटाला घट्ट व्हायला जागा उरली नव्हती.

"आई, ह्यात शर्यत आहे, बाई आहे, आणि नकाशा नकोय. तू मला जुळवून दाखव."

"तुम्हीच जुळवा. तुम्हाला सवय आहे."

"रविवारी पंचांची बैठक आहे. संग्रहालयाला ट्रक पाठवायचाय, त्यांना उत्तर हवंय. गोबोसामा म्हणतात उत्सवापर्यंत थांबा. मी का थांबू? ज्याला दुसरीकडे घालवायला श्वास आहे आणि आमच्यासाठी नाही, त्याच्यासाठी?" बोलता बोलता ह्यांचा आवाज चिरकला. तेव्हा मला कळलं की ह्यांना राग नाही आलेला, ह्यांना लागलंय. पोर रुसावं तसं लागलंय.

त्याच आठवड्यात गोबोसामा पुन्हा दुकानात आले. "शिगेमित्सु-सान, मीटर मधेच बिघडतो."

"कधी?" हे गोड आवाजात.

"एक चढ आहे. तिथवर साठावर अगदी छान चालतो. चढ लागला की सत्तर होतो, ऐंशी होतो, आणि माथ्याजवळ एकदम शून्य."

"शून्य म्हणजे तुम्ही थांबता?"

"थांबावं लागतं. धाप लागते."

ह्यांनी चुंबक बघितलं, डोळा बघितला, मधलं अंतर बघितलं. पेडल फिरवलं. आकडा खुशाल येत होता. "मीटरला काही झालेलं नाही, गोबोसामा."

"नाही?" गोबोसामा खिन्न हसले. "मीटरच बिघडला असता तर बरं झालं असतं." आणि सायकल ढकलत गेले. वर बसायचं त्राणही नव्हतं.

मला वाईट वाटलं. पण आमचे हे जमिनीवर उकिडवे बसून गोबोसामांच्या टायरचा जो माग उमटला होता त्याकडे बघत होते.

"मागचा टायर मधोमध आरशासारखा गुळगुळीत झालाय. पुढच्या टायरची नक्षी अजून शाबूत आहे. रोलरच तो. आता मला सांग आई, खोलीतल्या रोलरवर चढ कुठून आला?"

मी केरसुणी आणायला वळले.

"आणि दुसरं. चढावर माणसाचे पाय हळू होतात. ह्यांचे वाढतात. जन्मभर सायकलीत गेला माझा, असला चढ मी कुठे बघितला नाही." ते उठले. "उद्या दुपारी मी जाणार."

"काय, भिंतीला कान लावायला? देवळाचे पंच तुम्ही."

"पंच आहे म्हणूनच."

एकट्यांना सोडलं असतं तर कडी मोडून आत शिरले असते. म्हणून मीही निघाले. वाळलेले पर्सिमन डब्यात भरून घेतले, कुणी विचारलं तर भेट द्यायला आलो म्हणता येईल.

कारखान्याच्या मागच्या भिंतीला उंचावर एक झडप आहे, काच फुटलेली. पूर्वी आत माग चालायचे तेव्हा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंती जाड बांधलेल्या; पण त्या झडपेखाली उभं राहिलं की सगळं ऐकू येतं. आम्ही तिथे रिकाम्या खोक्यांच्या आड बसलो. माझे गुडघे कुरकुरले. हे म्हणाले, "गुडघ्यांना गप्प कर."

आत घर्रर्र सुरू होतं. एकसारखं, एका लयीत, कुठे वर नाही, कुठे खाली नाही.

मग बाई रडली.

"बाळा, इकडे ये. दिवा इकडे आहे."

ह्यांनी माझं मनगट असं धरलं की वळ उठला. डोळ्यांत काय होतं ते सांगता येत नाही. एखाद्याच्या घराला आग लागली आणि त्यानं बाहेरून बघितली तर जसं असेल तसं.

बाईचा आवाज थांबला, आणि त्याच दमात एक पुरुष म्हणाला, "असं म्हणत ती माउली नदीच्या काठावर उभी राहिली." आणि त्या वाक्याला चाल लागली.

मी डोळे मिटले. ती दिव्याची कथा होती. मुलगा रुसून घर सोडून गेलाय, माउली रोज संध्याकाळी दिवा घेऊन काठावर जाते आणि हाका मारते. त्याला वाटतं घराची वाट आपणच शोधतोय. एके दिवशी मुलगा परततो आणि म्हणतो, आई, मी तुला हाक मारायच्या आधीच तुझी हाक माझ्यापर्यंत आली होती, तिच्याच मागं मागं चालत आलो. बुद्धही तसाच, आपण नाम घेतो असं आपल्याला वाटतं, पण हाक आधी तिकडून येते. गोबोसामांच्या प्रवचनातली आमची सगळ्यात लाडकी कथा. म्हातारी माउली ते स्वतःच व्हायचे, बारीक आवाज काढून. किती वर्षं ऐकली होती आम्ही. ओळखली कशी नाही? संशयानं कान भरलेले असले की ओळखीचा आवाजही परका होतो, एवढंच खरं.

आत गाणं चढायला लागलं. घर्रर्रही जरा जरा जोरात व्हायला लागलं. हाच तो चढ. पाय धावत होते आणि गाणं धापेला आलं होतं. माउली दिवा उंच धरते, अजून उंच, मुलाला पाण्यापलीकडून तो दिसतो, आणि गाणं माथ्यावर पोचलं.

आणि भिंतीमागे, खोक्यांच्या आड, हातात पर्सिमनचा डबा, माझे यजमान शिगेमित्सु, ज्यांनी मला गुडघेसुद्धा गप्प करायला सांगितलं होतं, चांगल्या मोठ्यानं म्हणाले, "नामांदाबु, नामांदाबु."

माझ्याही तोंडून गेलंच. आम्हाला म्हणायला कुणी सांगितलं नव्हतं.

ह्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पण आत काय झालं ते ऐका. गाणं तुटलं नाही. आमच्या नामाएवढा वेळ ते थांबलं, आत एक लांब श्वास ओढल्याचा आवाज आला, पाय पुन्हा लयीवर आले, आणि गोबोसामांनी पुढची अख्खी ओळ गायली. शेवटपर्यंत. मुलगा आईच्या पायाशी पोचेपर्यंत.

मग घर्रर्र हळू हळू थांबलं. कडी निघाली. गोबोसामा दारात, गळ्यात पंचा, चेहरा घामानं निथळलेला.

"कोण आहे तिकडे?"

हे उठून उभे राहिले. "आम्ही. पर्सिमन द्यायला आलो होतो."

"भिंतीमागून?"

ह्यांनी डबा पुढे केला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

गोबोसामांनी डबा घेतला, पायरीवर बसले आणि एक पर्सिमन तोडून खायला लागले. आम्हीही बसलो. दारातून आत सायकल दिसत होती, मागचं चाक रोलरवर, पुढचं लाकडाच्या ठोकळ्यावर उभं, हँडलवर तो मीटर. काचेवर शून्य.

"इस्पितळात अशी एक सायकल होती," गोबोसामा म्हणाले. "डॉक्टर म्हणायचे साठावर पाय ठेवा, श्वास आपोआप बसेल. बसायचा. मी पेडल मारत मारत हळूच कथा म्हणायला लागलो तर जमायला लागली. तेव्हा म्हटलं घरी असंच करावं. पण देवळात कागदी दारं. मी मधे तुटलो तर मिसाओ ऐकणार, आणि तिचा चेहरा बघून गाव ओळखणार. तुम्हाला आशा दाखवून मोडायची नव्हती मला."

"आणि चढ?" हे पुटपुटले.

"तो हाच. माथ्यावर पोचायच्या आत रोज तुटायचो. आकडा मला सांगायचा की तू धावतोयस. का धावतोयस ते काही त्याला सांगता यायचं नाही." त्यांनी पर्सिमनची बी हातात घेतली. "आज कळलं. त्या जागी मी आयुष्यभर थांबत आलो, कारण तुम्ही मंडळी नाम घ्यायचात. तुम्ही म्हणायचात तेवढ्यात मी छाती भरून घ्यायचो. आणि मला वाटायचं, माझा दम मोठा आहे. इथे रिकाम्या भिंतींपुढे थांबायला कारणच नव्हतं. म्हणून धावायचो."

नदीवर एक बगळा उतरला.

"गोबोसामा," हे खाली बघत म्हणाले, "मला वाटलं होतं तुम्ही शर्यतीला उतरताय."

गोबोसामांना आधी समजलंच नाही. मग पोटावर हात ठेवून इतके हसले की खोकला लागला आणि मला पाठ चोळावी लागली. "आणि काय काय वाटलं होतं?"

"बाकी काही नाही," मी घाईनं म्हटलं.

रविवारी बैठकीत हे म्हणाले, उत्सवापर्यंत थांबू. का, असं विचारलं तर म्हणाले, थांबू या म्हणतोय ना. कारण सांगायचं नाही असं गोबोसामांना वचन दिलं होतं. झालं, सगळे ह्यांच्याकडे संशयानं बघायला लागले. ह्यांच्यावर संशय यायची जन्मातली पहिलीच वेळ. रोज दुपारी हे दुकानाचं दार ओढून घ्यायचे आणि पुलापलीकडे जायचे, रोलरपाशी बसून आकड्यावर नजर ठेवायचे आणि माथ्यावर नाम घ्यायचे. तोमिए-सान बादली खाली ठेवून मला म्हणाली, "किनुए-सान, सांगू नये, पण आता तुमचेही तिथे जातात. आणि ती बाई अजून रडतेच आहे."

मी म्हटलं, "रडू दे बिचारीला." तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू माझ्याच डोक्याचं काहीतरी झालंय.

उत्सवाच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, समुद्राकडून गडगडत होतं. देवळाच्या स्वयंपाकघरात आम्ही बायकांनी लाल चवळी आणि मुळ्याची आमटी, इतोकोनी, शिजवली होती. दालन भरलं. संग्रहालयाचा माणूसही आला होता, शेवटच्या रांगेत, बूट पटकन सापडतील अशा जागी.

गोबोसामा आसनावर चढले. पाय मुडपून बसले, म्हणजे आज पेडल नाही आणि आकडाही नाही. समोर आमचे हे. ह्यांचा अंगठा मांडीवर गोल गोल फिरत होता, साठाच्या लयीत, आणि गोबोसामांची नजर अधूनमधून त्या अंगठ्यावर उतरत होती.

दिव्याची कथा सुरू झाली. आवाज पूर्वीचा नव्हता, पातळ झाला होता, पण चाल तीच. गाणं चढलं. माउलीनं दिवा उंच धरला. माथा आला, गोबोसामा थांबले.

आणि देवळात चिडीचूप.

उन्हाळ्यात पडद्यापुढे गप्प बसायला शिकलेली माणसं तशीच गप्प बसली. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचं तोंड उघडं होतं, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या आणि आवाज येत नव्हता. इतके दिवस हे या घटकेची तयारी करत होते, आणि तयारीनंच नाम घशात अडकवून ठेवलं होतं. माझीही जीभ टाळ्याला चिकटली. गोबोसामांच्या छातीत रिकामी हवा हललेली मला दिसली. आता तुटणार.

तेवढ्यात डावीकडच्या रांगेतून आवाज आला, "अगं बाई, हीच ती." तोमिए-सान. तिला आत्ता कळलं होतं कारखान्यात कोण रडत होतं. आणि तिच्या थक्क झालेल्या तोंडातून, तिचं तिलाही न कळता, मागोमाग आलं, "नामांदाबु, नामांदाबु."

मग पुढची रांग, मग मधली, मग सगळं देऊळ. शेवटच्या रांगेतून एक परका आवाजही आला. त्याची आई कुठल्या गावची ते मी विचारलं नाही. त्या नामाच्या आडोशाला गोबोसामांनी श्वास भरून घेतला आणि मुलाला घरी आणून पोचवलं.

आसन इथेच आहे. जाताना बघून जा. गोबोसामा अजून बसतात, छोटी कथा सांगतात, आणि मधे जरा जास्त वेळ थांबतात.

त्या दिवशी जेवताना हे चवळीकडे बघत म्हणाले, "ऐन वेळी माझं अडकलं."

गोबोसामा म्हणाले, "शिगेमित्सु-सान, भिंतीमागे तुम्ही काही ठरवलं नव्हतंत. ठरवून ते यायचं नाही. पण भिंतीमागे ते आलं नसतं, तर आज मी आसनावर चढलोच नसतो."

ह्यांना जाऊन आता तीन हिवाळे झाले. तो वायरचा मीटर गोबोसामांच्या काळ्या सायकलवरच आहे, सेल संपलेला. चहा गार झाला तुमचा, द्या, बदलून देते. आणि एक मागते. पुढे कधी कुठे प्रवचन ऐकाल, गाणारा माथ्यावर जाऊन थांबेल आणि तुमच्या तोंडात आपसूक नाम येईल, तेव्हा ते मोजू नका, पण माझ्या ह्यांची आठवण ठेवा. शिगेमित्सु ताकेबे, सायकलवाले. संशयी होते.